गव्हावरील तांबेऱ्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : तांबेऱ्याची वेळेवर टेहळणी आणि दाण्याच्या वजनावरून नुकसानीची मोजणी

महोदय,

आम्ही गोदाकाठचे गहू उत्पादक. पानावर नारिंगी पूड दिसली की रोग आज आला असे वाटते. खरे तर बुरशी आठवडा-दहा दिवस आधीच पानात शिरलेली असते. दवाच्या रात्री बीजाणू रुजतो, पर्णरंध्रातून आत जातो आणि पेशींमधून साखर ओढू लागतो. हरितद्रव्य घटते, पान अन्न कमी तयार करते. श्वसन मात्र वाढते, म्हणजे उरलेली साखरही खर्ची पडते. फोड फुटले की पानाची त्वचा फाटते आणि झाडातले पाणी उडून जाते.

दाणा भरताना सर्वाधिक आधार शेंड्याच्या ध्वजपानाचा असतो. तेच पोखरले गेले की दाणा सुरकुततो. शेत उभे दिसते, ओंब्याही भरपूर दिसतात, पण पोत्यात वजन भरत नाही. खोडावरचा काळा तांबेरा तर अन्नपाण्याची वाटच अडवतो आणि पीक लोळवतो.

मैदानी उन्हाळ्यात हा रोग टिकत नाही. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर तो तग धरतो आणि तिथून वाऱ्यावर येतो, हे डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. वाऱ्यावर येणारा रोग एकटा शेतकरी बांधावर अडवू शकत नाही. म्हणून आमच्या मागण्या :

१. पीक पोटरीत आल्यापासून दाणा पक्व होईपर्यंत दर आठवड्याला गावोगाव पाहणी व्हावी आणि नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

२. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात तपासलेल्या बुरशीच्या वंशांची माहिती पेरणीआधी मराठीत मिळावी.

३. प्रतिकारक वाणांचे बियाणे ऑक्टोबरअखेर तालुक्यात पोचावे. गावभर एकच वाण पेरला जाऊ नये, कारण बुरशीचा नवा वंश आला की त्या वाणाचा प्रतिकार सगळीकडे एकदम मोडतो.

४. पहिले ठिपके दिसताच शिफारशीचे बुरशीनाशक तालुक्यात उपलब्ध असावे.

५. पंचनाम्यात उभ्या पिकाचा नजरअंदाज न धरता हजार दाण्यांचे वजन मोजावे.

आमचे नुकसान दाण्याच्या आत होते, तिथेच ते मोजले जावे. येत्या रब्बीच्या पेरणीआधी निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपले विश्वासू,
गहू उत्पादक शेतकरी, गोदाकाठ