खेळायला हवा असं तोंडाने सांगा

खेळायला लॅपटॉप हवा असेल तर दुकानात तसं स्पष्ट सांगा. आमच्या बेळगाव-निपाणी भागातल्या आईबापांना हे सांगून सांगून माझा घसा बसला. इंजिनिअरिंगला नंबर लागला की ऊसबिलाचे, तंबाखूचे, नाहीतर पतसंस्थेच्या कर्जाचे पैसे घेऊन बाप-लेक दुकानात जातात. बाप म्हणतो, "व्हीटीयूच्या कॉलेजला ॲडमिशन झालीया, अभ्यासाला चांगला दाखवा." पोराच्या मनात जीटीए आणि तोंडाला कुलूप. मग कोणता खेळ, कुठल्या सेटिंगवर, सेकंदाला किती फ्रेम, यातलं काहीच विचारलं जात नाही. लबाड विक्रेत्याला एवढंच हवं असतं. "ग्राफिक्स आहे की, आठ जीबी!" म्हणतो आणि पैसे मोजून घेतो.

ते आठ जीबी कुठून येतात? 16 जीबी रॅमच्या साध्या मशिनवर विंडोजचा टास्क मॅनेजर जवळपास निम्मी रॅम 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून दाखवतो. ती रॅमच, वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हे. कार्डाची स्वतःची मेमरी 'डेडिकेटेड' या ओळीत दिसते. बघायची ती ओळ. इंटेलच्या आयरिस एक्सईची तर आणखी कमाल. रॅमची एकच पट्टी असली की तीच चिप नुसती यूएचडी म्हणून चालते आणि वेग घसरतो. दुसरी पट्टी टाकून घ्या, असं काउंटरवरून कुणी सांगत नाही. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याचं तेवढ्यावर भागतंही; त्याच्या गळ्यात लाखाचं मशिन मारणं हीदेखील लूटच.

खरी चोरी वॅटमध्ये आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060 हे लॅपटॉपचं कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवायला कंपन्यांना मुभा आहे. नाव तेच, स्टिकर तेच, आठ जीबी तेच. आणि कमी वॅटचं मशिन जड खेळात जास्त वॅटच्या मशिनपुढे मान टाकतं. 2021 पर्यंत कमी ताकदीच्या कार्डांच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' लिहिलेलं असायचं, निदान ओळखता यायचं. कार्डाच्या नावातली ती खूण 3000 मालिकेपासून गेली आणि गिऱ्हाईक आंधळं झालं. आरटीएक्स 2050 आणि 4 जीबीचं 3050, दोन्हींत 2048 कोअर. पण 2050 ची मेमरी 64 बिटच्या वाटेने चालते आणि 4 जीबीच्या 3050 ची 128 बिटच्या. दुकानात मात्र दोन्ही 'आरटीएक्स, चार जीबी'!

वॅट लिहिलेला कागद नसेल तर चार्जर उलटा करून बघा. 20 व्होल्ट आणि 3.25 अँपिअर लिहिलं असेल तर तो 65 वॅटचा. 115 वॅटच्या कार्डाला तो काय पोसणार? आणि कार्डात वीज नीट गेली तरच खेळ चालतो. चिकोडी, खानापूरकडच्या गावांत लाइट गेल्यावर बॅटरीवर तोच लॅपटॉप निम्म्याने मंदावतो, हेही आधीच सांगायला हवं.

रॅम बऱ्याच मशिनांत वाढवता येते, एसएसडी बदलता येते. ग्राफिक्सची चिप मात्र बोर्डाला डाक लावून बसवलेली असते. घेताना चुकलं की कॉलेजची चारही वर्षं तेच वागवायचं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती आपल्या लोकांच्या बिलाची. सीमाभागातला माणूस कागदाला कच्चा नाही. 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा, गावांच्या याद्या, तारखा आमच्या कट्ट्यावर तोंडपाठ असतात. सरकारी कागदातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आम्ही मोर्चा काढतो. आणि कुटुंबाची वर्षभराची शिल्लक ओतून घेतलेल्या वस्तूच्या बिलावर 'लॅपटॉप, 1 नग' एवढंच लिहिलेलं मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवतो! पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. कार्डाचं नाव, डेडिकेटेड मेमरी आणि कमाल वॅट लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 वस्तूचा दर्जा आणि क्षमता जाणून घ्यायचा हक्क देतो, बिल न देणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग बेळगावातच बसतो. उद्या तिथे उभं राहायची वेळ आली तर 'एक नग' दाखवून काय सिद्ध करणार?

आणि पोराला बोलू द्या. संध्याकाळी दोन तास खेळला म्हणून तो वाया जात नाही. चोरून मागायला शिकला तर मात्र मला काळजी वाटते. काउंटरवर त्यालाच पुढे करा, खेळाचं नाव घेऊ द्या, तोच खेळ समोर चालू करून दाखवायला सांगा. दुकानदार वॅट लिहून द्यायला कुरकुरला तर उठा. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि जीएसटी दोन्हीकडे 18 टक्केच.