‘विज्ञानाने कॅन्सरवर मात केली आहे’ हे वाक्य निबंधातून काढूया



विज्ञानावरचा कुठलाही निबंध उघडा. ‘विज्ञान शाप की वरदान’ घ्या, ‘विज्ञानाची किमया’ घ्या, नाहीतर ‘संगणक युग’. तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडतं : विज्ञानाने कॅन्सरसारख्या दुर्धर रोगावरही मात केली आहे. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, आणि त्यावर बरोबरची खूण होते. ज्या मुलाची आजी गेल्या वर्षी याच आजाराने गेली, तोही ते वाक्य तसंच लिहितो.

माझं मत सरळ आहे. हे वाक्य निबंधातून काढावं, आणि त्याच्या जागी आपल्याच भागात घडलेली एक खरी गोष्ट सांगावी. मुलांना वेगळ्या तऱ्हेने आणि त्यांच्या आयांना वेगळ्या तऱ्हेने.

ती गोष्ट बार्शी आणि उस्मानाबादची आहे, म्हणजे आताच्या धाराशिवची. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली इथेच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांत कोणाला कोणता कॅन्सर झाला, याची नोंद ठेवायला सुरुवात झाली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आपल्या बायका ज्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात, तो इथे बराच आढळत होता. आणि बाई दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा.

मग १९९९ साली बार्शीचं हे हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास हाती घेतला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. पहिल्या भागातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्या भागात पॅप स्मिअर, तिसऱ्या भागात ‘व्हाया’. चौथ्या भागात कुठलीच खास तपासणी नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी. तपासणी आयुष्यात एकदाच. त्यानंतर आठ वर्षं या सगळ्या बायकांवर लक्ष ठेवलं गेलं.

निकाल २००९ साली जगातल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या भागातल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गेल्या.

हे आकडे फळ्यावर लिहा. पाचवीच्या मुलांना आजाराचं नाव सांगायचीही गरज नाही, ‘एक आजार’ म्हटलं तरी चालतं. दर हजारी किती, ते काढायला सांगा. एकीकडे हजारात साधारण एक, दुसरीकडे हजारात साधारण दोन. मग विचारा, हा फरक मोठा की छोटा? वर्गात दोन तट पडतात. एक गट म्हणतो, ‘निम्मे झाले, म्हणजे लय मोठा.’ दुसरा म्हणतो, ‘हजारात एकच की!’ दोघांचंही बरोबर असतं. वर्तमानपत्रात ‘मृत्यू निम्म्यावर’ असं वाचलं की ‘कितीवरून निम्म्यावर?’ हा प्रश्न पडला पाहिजे, आणि तो पाचवीतल्या पोराला पडू शकतो. सगळ्या देशाच्या हिशेबाने बघितलं तर हजारात एकसुद्धा लहान राहत नाही. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार मृत्यू.

एक प्रश्न मात्र मुलं विचारतातच, त्याची तयारी ठेवा : ‘बाई, त्या चौथ्या भागातल्या बायकांना का नाही तपासलं?’

उडवून लावू नका. याच प्रश्नावर जगभरचे डॉक्टर आणि नीतितज्ज्ञ भांडले आहेत. संशोधकांचं म्हणणं असं की त्या भागात तपासणीची सोय मुळात नव्हतीच, आणि तुलनेला गट नसेल तर उपयोग झाला की नाही हे कळणार कसं? टीकाकारांचं म्हणणं, तपासणीने जीव वाचतो हे आधीच बऱ्यापैकी माहीत होतं, मग हजारो गरीब बायकांना नुसतं बघत का बसलात? मला स्वतःला दुसरं म्हणणं जास्त टोचतं. पण त्या ६४ जणींची नोंद झाली म्हणून आज कोणी ‘पुरावा कुठाय’ म्हणू शकत नाही, हेही खरं आहे. मुलांना दोन्ही बाजू सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

आता ‘व्हाया’. ही तपासणी ऐकून बायकांना हसू येतं, कारण तिच्यात व्हिनेगरचं मुख्य द्रव्य लागतं. ॲसेटिक ॲसिडचं ४-५ टक्क्यांचं पातळ द्रावण गर्भाशयाच्या तोंडाला लावतात, एखादा मिनिट थांबतात आणि बघतात. पेशींत बिघाड सुरू झाला असेल तर तिथे पांढरट चट्टा उमटतो. चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला, असं अजिबात नाही. पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. विषाणूचा संसर्ग ते कॅन्सर या वाटेला साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तही लागतात. मधल्या काळात काहीच दुखत नाही, आणि नेमक्या त्याच काळात तो छोट्या उपचारात थांबवता येतो.

उस्मानाबादला एकदाच केलेल्या व्हायाने मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. पण टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा असाच अभ्यास केला. निम्म्या बायकांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी करणाऱ्या कोण होत्या? दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका! २०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत हे मांडलं गेलं तेव्हा जगभर बातमी झाली. त्याच बायकांच्या स्तनांची तपासणीही या सेविका हाताने करत होत्या. त्याचा वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. ५० वर्षांवरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याखालच्या वयात मात्र फरक पडला नाही. ना मॅमोग्राफी, ना मोठं मशीन.

मशीनचं नाव निघालं म्हणून सांगते. आपल्या ग्रुपवर ‘एआय आता कॅन्सर ओळखणार’ असे मेसेज रोज फिरतात. त्यातलं काही खरंही आहे. स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायकांच्या मॅमोग्राफीचा अभ्यास झाला, त्याचा पहिला निकाल २०२३ साली आला. एआयची मदत घेतल्यावर सुमारे २० टक्के जास्त कॅन्सर सापडले आणि फिल्म तपासण्याचं डॉक्टरांचं काम ४४ टक्क्यांनी हलकं झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण एआयला बघायला आधी मॅमोग्राफीची फिल्म लागते, आणि फिल्मसाठी बाई मशीनपर्यंत पोचावी लागते. आपल्याकडे अडलंय ते तिथे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के. स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या १ टक्क्याहूनही कमी. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची या तीन कॅन्सरसाठी तपासणी करायची, हे सरकारने २०१६ सालीच ठरवलेलं आहे. आशाताई सीबॅकचा फॉर्म भरून नेतात, आपण सही करतो, आणि पुढे जायचं राहून जातं.

का राहतं, ते आपण शिक्षक रोज ऐकतो. ‘मला काय धाड भरलीय?’ ‘दुखत नाही तर कशाला उकरून काढायचं?’ ‘तपासायला गेलं की काहीतरी निघतंच.’ आणि सगळ्यात जुनी समजूत, ‘गाठीला सुई लागली की ती पसरते.’ गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याच गाठी साध्याच निघतात. सुईच्या भीतीने वर्षभर घरी बसलेल्या बाईचं नुकसान सुई करत नाही, ते वर्ष करतं. हे डॉक्टरने सांगितलं तर बाई मान डोलावते. मुलाच्या बाईंनी सांगितलं तर प्रश्न विचारते, कारण आपल्याशी बोलायची तिला सवय असते.

मुलींच्या लसीबद्दलही बोलायला हवं, कारण लसीची वेळ आपल्या शाळेच्या वयात येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही एचपीव्हीची भारतीय लस २०२३ पासून मिळते. सिक्कीमने २०१८ साली शाळांमधून लसीकरण केलं आणि ९ ते १३ वयाच्या सुमारे ९७ टक्के मुलींपर्यंत पहिला डोस पोचवला. शाळा मनावर घेते तेव्हा काय होतं, ते तिथे दिसलं.

पण शाळेने मनावर घेतल्यावर काय बिघडतं, तेही याच लसीच्या इतिहासात आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एक प्रायोगिक लसीकरण झालं. त्या काळात सात मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झालेले नाहीत असं निघालं, पण दुसरी गोष्ट बाहेर आली. वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आई-वडिलांच्या सह्याच नव्हत्या. वॉर्डनने आणि मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या! ‘एवढं काय, आपलीच पोरं आहेत’ ही आपली सवय. तिने त्या मुलींच्या पालकांचा हक्क हिरावला, आणि लसीबद्दलच्या संशयाला वर्षानुवर्षं खतपाणी घातलं. संमतीचा फॉर्म घरी गेला पाहिजे, वाचून दाखवला पाहिजे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या आईशी आपलं वागणं बदलता कामा नये.

त्याच गदारोळात दुसरा एक अभ्यासही थांबला. लसीचे दोन डोस पुरतील की तीनच हवेत, हे त्यात बघायचं होतं, आणि त्यात बार्शीच्या व पुण्याच्या मुलीही होत्या. मध्येच थांबल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की मुख्य दोन प्रकारच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एक डोससुद्धा सुमारे ९५ टक्के संरक्षण देतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींचाही पुरावा आहे. निबंधात लिहायला ही गोष्ट नाही तर कुठली?

फक्त एक. मुलीने लस घेतली म्हणून आईची तपासणी टळत नाही.

माता-पालक सभेत हा विषय घ्यायचा असेल तर थोडं सांगते. उपकेंद्रातल्या सिस्टरना आधी भेटा आणि व्हाया नक्की कुठे, कोणत्या वारी होते ते विचारून घ्या. सभेत वार आणि ठिकाण सांगता आलं नाही तर बाकीचं बोलणं हवेत जातं. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत, हे आवर्जून सांगा, नाहीतर बाई एकदा परत पाठवली की पुन्हा येत नाही. विषय निघाला की गुरुजींनी थोडा वेळ मैदानावर मुलांचे खेळ घ्यावेत. तिथे वाचायला वर्गात पत्रकं वाटू नका, ती मुलांच्या हाती पडतात आणि आया लाजतात. आणि दोघी-तिघींनी मिळून जायचं ठरवू द्या, एकटी बाई निघत नाही. आमच्याकडे सभा शुक्रवारी असते. शनिवारी बाजार आहे, आणि बाजाराला तालुक्याला निघालेल्या बायकांना तिथूनच ग्रामीण रुग्णालयात जाता येतं.