आरडीएक्स आणि विकला गेलेला पहारा
– जुईनगर

आरडीएक्सचे पेटंट १८९८ साली जर्मनीत घेतले गेले, तेव्हा डोक्यात औषध होते! दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्ब-टॉर्पेडोत भरले गेले. लष्कराच्या उपयोगाची ही चीज फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर चोरून उतरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. स्फोटक पदार्थ कायदा १९०८ पासूनच होता. कायदा अपुरा नव्हता, पहारा विकला गेला होता. टाडा न्यायालयाने कस्टम अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरवले. कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापांना जन्मठेप झाली. रायगडहून मुंबईला जाणारा रस्ता आमच्या जुईनगरजवळूनच जातो. नाकाबंदीत गरिबाची पिशवी उपसली जाते. बंदरावरच्या साहेबाची मालमत्ता कोण तपासतो?