नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

‘नाव’ या दोन अक्षरांभोवती मराठी भाषेने केवढा संसार मांडला आहे! मुलगा कुळाचे नाव राखतो, लेक माहेरचे नाव काढते, नववधू उखाण्यात नाव घेते. मात्र एकवचनात ‘नाव ठेवणे’ हा संस्कार, तर अनेकवचनात ‘नावे ठेवणे’ ही निंदा. दोहोंमध्ये अंतर अवघ्या एका मात्रेचे. हे अंतर आपला समाज पूर्वी कितपत पाळत होता आणि आज कितपत पाळतो, याचा विचार करण्यास सध्याचा काळ अनुकूल आहे.

1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तो सर्वथा स्वागतार्ह आहे. त्याआधी 2023 साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती होऊन जन्मदाखल्याचे महत्त्व वाढले. शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत आता तोच कागद पुढे करावा लागणार. तेव्हा बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून सांगितलेले नाव त्याला जन्मभर पुरणार आहे, हे भान ठेवूनच ते निवडले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी या निवडीचा बारकाईने विचार केला होता. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव दोन वा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा. मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. नाव हाकेसाठी असते, म्हणून ते कानाला कसे लागते याची ही चिंता. स्त्रियांची नावे उच्चारास सुलभ, अर्थाने स्पष्ट आणि मनास रुचणारी असावीत, असे मनुस्मृतीही सांगते. परंतु त्याच अध्यायात, अवघे दोनच श्लोक आधी, शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असेही विधान आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे लपवण्याचे कारण नाही. सुलभतेचा व अर्थाचा निकष आजही घ्यावा. अवहेलनेचा निकष केव्हाच टाकून द्यायला हवा होता.

आज अर्थाच्या निकषाचे काय झाले आहे? पाळण्यात मायरा आणि कियारा झोके घेत आहेत. मायरा हे नाव फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या काव्यासाठी घडवले. कियारा हे इटालियन नावाच्या वळणाचे. परभाषेतून नाव घेणे हा काही अपराध नव्हे. ‘दौलतराव’, ‘गुलाबराव’ या नावांतील मूळ शब्द अरबी-फारसीच, पण ते अस्सल मराठी होऊन राहिले. मात्र ते संस्कृत असल्याचा दावा कोणी केला नाही. आज नावांच्या याद्यांतून वाटेल त्या ध्वनीला संस्कृत अर्थ चिकटवला जातो आणि सुशिक्षित माता-पिता शब्दकोश न उघडता तो स्वीकारतात. सई, ओवी, मुक्ता, अनघा, विहान, इरा ही आटोपशीर, आधुनिक वाटणारी आणि खरोखर अर्थ असलेली नावे घरात असताना हा खोटा दागिना कशासाठी?

उच्चाराची कथा याहून करुण आहे. ‘हृषीकेश’ म्हणजे इंद्रियांचा स्वामी. मराठी मुखात त्याचा ‘रुषिकेश’ झाला, हिंदीत ‘रिषिकेश’, आणि लिहिताना सर्रास ‘ऋषिकेश’. ‘ज्ञ’चा उच्चार आपण ‘द्न्य’ असा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ करतात. म्हणून आपली प्रज्ञा दिल्लीला ‘प्रग्या’ होते. हे भेद भारतीय भाषांच्या सहज प्रवाहातले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद लोपतो, अशोकाचा ‘अशोका’ होतो, आणि तो आपण स्वतःच उच्चारू लागतो, हे मात्र शोचनीय आहे. त्यावर अंकशास्त्र्याच्या सल्ल्याने घुसवलेली जादा अक्षरे! नाव आधी देवनागरीत ठरवावे आणि रोमन लिपीने त्याच्यामागून चालावे.

हाच न्याय इतरांनाही लावला पाहिजे. तमिळमधील एक विशिष्ट वर्ण रोमन लिपीत ‘झेड-एच’ या अक्षरांनी लिहितात. तो ‘झ’ नव्हे, आपल्या ‘ळ’ला जवळचा. तरीही आपण ‘कनिमोळी’ला ‘कनिमोझी’ करतो. देशाच्या एकात्मतेवर व्याख्याने देण्यापूर्वी देशबांधवाचे नाव नीट उच्चारण्याचे कष्ट घ्यावेत.

आता टोपणनावे. ती जिव्हाळ्यातून जन्मतात आणि कधी मूळ नावालाच झाकून टाकतात. लोकमान्यांचे जन्मनाव केशव, पण इतिहासाने घरातले ‘बाळ’च स्वीकारले. बाळाजी बाजीराव ‘नानासाहेब’ झाले, सदाशिवराव ‘भाऊसाहेब’. परंतु टोपणनावाला दुसरी धारही असते. बालमित्राने ‘राम्या’ म्हटले तर ती माया. जमिनीच्या मालकाने वडिलांच्या वयाच्या गड्याला ‘राम्या’ म्हटले तर तो अपमान. एकाला ‘गोविंदराव’ आणि दुसऱ्याला ‘गोंद्या’ हा भेद आपल्या गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या जातीनुसार केला. समरसतेचा आरंभ समोरच्याचे पूर्ण नाव आदराने घेण्यापासून होतो. त्याला सभा लागत नाही, की ठराव लागत नाही.

पूर्वी मुले वाचत नसत, तेव्हा काळाची नजर पडू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवत. त्यांत दैन्य असले तरी ममता होती; आणि धोंडो केशव कर्वे यांनी त्याच नावाला भारतरत्नापर्यंत नेले. ‘नकुशी’ या नावात मात्र ममतेचा लवलेश नाही. आणखी एक मुलगीच झाली, ती नको होती, एवढेच ते नाव सांगते. 2011 साली सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने 280 हून अधिक ‘नकुशीं’ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. जन्मदात्यांनीच लेकीला नावे ठेवली होती. समाजाने तिला नाव दिले. या शतकात असा समारंभ करावा लागला, याची बोचणी आपल्या प्रत्येकाला लागली पाहिजे.

लग्नात ताटातल्या तांदळावर वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथाही याच कसोटीवर तपासावी. तिला ते हवे असेल तर आनंद आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षे जपलेले नाव तिला न विचारता पुसले जाऊ नये.

म्हणून नव्या माता-पित्यांना इतकेच सुचवावेसे वाटते : नावाचा अर्थ स्वतः पडताळा. आजीला आणि पोस्टमनला ते उच्चारता येते का, पाहा. मूल बोलू लागले की आपले नाव स्पष्ट, ताठ मानेने सांगायला शिकवा आणि दुसऱ्याचेही तितक्याच नीट ऐकून घ्यायला शिकवा. घरात येणाऱ्या मोलकरणीला आणि माळ्याला ते कोणत्या नावाने हाक मारते, याकडेही लक्ष असू द्या. कारण ते तुमचेच ऐकून बोलणार आहे.