चढावरचा धूर

गेल्या दिवाळीत नातवाने मला त्याच्या नव्या गाडीतून पाचगणीला नेलं. नवी म्हणजे त्याला नवी. आधी कुणीतरी आठ वर्षं वापरलेली. दोनच दरवाजे, टर्बोवालं पेट्रोल इंजिन आणि बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच! माझ्या गुडघ्यांनी निषेध नोंदवला, पण त्याचा आनंद पाहून मी गप्प बसलो.

वाई सोडली आणि पसरणीच्या घाटात एका चढावर त्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. गाडी उसळली, आणि मला बाजूच्या आरशात निळ्या धुराचा लोट दिसला. मागे मोटारसायकलवर एक जोडपं होतं. बाईंनी मांडीवरच्या पोराच्या तोंडावर पदर धरला. पाय सैल झाला तसा धूरही थांबला.

पाचगणीत चहा घेताना विचारलं, तर म्हणाला, "हो आजोबा, जोरात दाबली की येतो. पुण्यात दाखवलं. इंजिन खोलावं लागेल, दीड-दोन लाख लागतील म्हणाले. त्यापेक्षा विकूनच टाकतो. पीयूसी आहे की अजून चार महिने!"

"घेणाऱ्याला सांगशील ना?"

"मला कुणी सांगितलं होतं का?"

त्या चहाची चवच गेली. आजचं हे लिहिणं त्याच्या या उत्तरासाठी आहे.

माझं लहानपण किर्लोस्करवाडीजवळच्या खेड्यात गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली तिथे माळावर कारखाना उभा केला. इकडे सातारारोडला कूपरच्या कारखान्यातही स्वातंत्र्यापूर्वीपासून डिझेल इंजिनं तयार होत. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला इंजिनाचा धूर वाचता येत असे. आमच्या विहिरीवरचं इंजिन सुरू केलं की वडील लगेच पाटाकडे जात नसत. पाणी चढून इंजिनावर भार येईपर्यंत धुराड्याकडे पाहत उभे राहत. रिकामं इंजिन कुणाचंही चांगलंच चालतं, असं त्यांचं म्हणणं.

धूर काळा असेल तर इंधन जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असतो, इंजेक्टर गळत असतो, टर्बोच्या गाडीत हवेची नळीही फाटलेली असू शकते. पांढरी वाफ थंड सकाळी थोडा वेळ आली तर काळजी नको. ती थांबतच नसेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट पाहावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते कुठून येतंय, हे धूर कधी निघतो यावरून कळतं. सकाळी सुरू करताना भपकारा आला, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर आला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. भार असताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा, टर्बोचं सील किंवा इंजिनाचा ब्रीदर. रिंगा म्हणजे मोठा खर्च. ब्रीदर म्हणजे एक नळी आणि एक झडप.

आणि पीयूसी? तिथे पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. धुराची दाटी फक्त डिझेलची मोजतात. त्यासाठी रेस देतात, पण गाडी जागेवर उभीच असते. मी मास्तर होतो, मला यात आमची शाळा तपासणी दिसते. साहेब येणार त्या दिवशी आमचा वर्ग किती गुणी असायचा! पीयूसी काढावीच, तो कायदा आहे. पण तो कागद उभ्या गाडीचा आहे, चढावरच्या गाडीचा नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सांगलीला गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी मिस्त्री आहे. शेतावरच्या इंजिनांपासून सुरुवात करून तो आता मोटारी पाहतो. त्याने पाना हातात घेण्याआधी नातवाला वीस प्रश्न विचारले, मग ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर! चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, ते जवळजवळ सारखं निघालं. मग ब्रीदरची नळी काढून दाखवली. आत काळा चिकटा गच्च बसलेला. "गुरुजी, दाबली की आतला वायू वाढतो. त्याला वाट नाही, मग तो ऑइलला ढकलतो आणि ते हवेबरोबर जळतं."

नळी आणि झडप बदलली, जास्तीचं ऑइल काढलं, हवेच्या वाटेत साचलेलं पुसलं. खर्च तीन हजारांच्या आत. उरलंसुरलं ऑइल जळेपर्यंत दोन-चार दिवस थोडा धूर आला, मग थांबला. नातू खूश. पण मी त्याला गाडीतच विचारलं, "आणि रिंगाच गेल्या असत्या तर?"

तो काही बोलला नाही.

माझं मत सरळ आहे. रिंगा गेल्या असत्या तर एक तर दुरुस्त करायच्या, नाहीतर घेणाऱ्याला दोष सांगून तेवढी किंमत कमी घ्यायची. आपल्याला कुणी फसवलं, म्हणजे पुढच्याला फसवायचा परवाना मिळत नाही. आणि दोष लपवून विकलेली गाडी धूर सोडायची थांबत नाही. तो धूर कुणाच्या तरी मांडीवरच्या पोराच्या नाकात जातच राहतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनाही सांगतो, पीयूसी पाहून पैसे देऊ नका. एकदा चढावर न्या, आणि मागे दुसऱ्या गाडीत आपला माणूस बसवा.

परवा नातवाचा फोन आला होता. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. म्हणाला, "आजोबा, विकेन तेव्हा गिऱ्हाईकाला पसरणीच्या घाटातूनच फिरवून आणीन."

बघू. तेव्हा मी मागच्या गाडीत बसेन म्हणतो!