वेशीबाहेरून केलेला सौदा

युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनला मनाजोगत्या व्यापारी अटी मिळाल्या नाहीत, याचे कारण त्याचे वाटाघाटी करणारे नेभळट निघाले आणि ब्रुसेल्समधील नोकरशाही सूडबुद्धीने वागली, असे मत आपल्यातील अनेक सुशिक्षित मंडळी अजूनही मांडत असतात. टेबलावर मूठ आपटणारा एखादा खमक्या पुढारी आरंभापासून असता तर युरोप वठणीवर आला असता, हे त्याचेच पुढचे वाक्य. व्याख्यानानंतरच्या गप्पांत आणि लग्नाच्या पंगतीत हे इतक्या वेळा आमच्या कानांवर पडले आहे की आता गप्प बसणे म्हणजे संमती देणे ठरेल. आम्हाला हे मत साफ अमान्य आहे. आमच्या मते तो सौदा ब्रुसेल्समध्ये बिघडलाच नाही. तो त्याआधी लंडनमध्ये बिघडला होता. आपल्याला नेमके काय हवे आणि त्यासाठी काय सोडावे लागेल, हे स्वतःच्या जनतेला न सांगता तेथील राज्यकर्त्यांनी निघण्याची तारीख जाहीर केली. त्याची किंमत मात्र टेबलाशी जागा नसलेल्या माणसांनी मोजली.

प्रथम एक उपमा बाजूला सारू. आपल्याकडे या प्रकरणाकडे एकत्र कुटुंबातील वाटणीसारखे पाहिले जाते. भाऊ वेगळे होतात, शेत, विहीर, भांडीकुंडी वाटली जातात, आणि एखाद्याने ताणून धरले तर माजघराचा एक खण त्याच्या पदरात अधिक पडतो. वाटणीत प्रत्येकाचा जन्मसिद्ध हिस्सा असतो, म्हणून तेथे ताणून धरण्याला अर्थ आहे. युरोपची एकल बाजारपेठ ही कणगीत भरून ठेवलेली जिन्नस नव्हे. ती नियमांची व्यवस्था आहे. एका सदस्य देशात विक्रीस योग्य ठरलेला माल दुसऱ्या देशाच्या वेशीवर पुन्हा तपासायचा नाही, आणि नियमांबद्दल तंटा झाला तर सर्वांनी एकाच न्यायालयाचा निवाडा मानायचा, हे तिचे सार. नियम आणि न्यायालय दोन्ही नाकारल्यावर वाटून घेण्यासारखे काही उरतच नाही. जो बाहेर पडतो त्याला परका म्हणून नव्याने करार करावा लागतो. गंमत अशी की या बाजारपेठेचा आराखडा १९८५ साली ज्यांनी मांडला, ते लॉर्ड कॉकफील्ड हे थॅचरबाईंनीच ब्रुसेल्सला पाठविलेले ब्रिटिश गृहस्थ होते. ती कशी चालते हे लंडनला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.

आता घटनाक्रम पाहावा. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने पडली. मतपत्रिकेवर राहायचे की जायचे एवढेच विचारले होते. कोठे जायचे हे विचारलेच नव्हते. संघाच्या करारातील ५० व्या कलमानुसार बाहेर पडण्याची नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते. ती वाढवायची तर उरलेल्या सर्व सदस्यांची एकमुखी संमती लागते. मुदत संपताना करार झाला नसेल तर बाहेर पडणारा देश करारावाचूनच बाहेर फेकला जातो. म्हणजे नोटीस देण्यापूर्वीचा काळ हाच काय तो बाहेर पडणाऱ्याच्या हातातला काळ. पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी ती नोटीस देऊन टाकली. पाठोपाठ मध्यावधी निवडणूक पुकारली आणि ८ जूनला स्वतःचे बहुमत गमावले.

महिन्याभरातच, २९ एप्रिल २०१७ रोजी, उरलेल्या सत्तावीस देशांनी आपली भूमिका एकमताने ठरवून जाहीर केली. आधी देणी, नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सीमा, मग व्यापार, असा क्रम त्यांनी लावला. हा क्रम आपण मानणार नाही, उन्हाळ्यातले मोठे भांडण याच मुद्द्यावर होईल, अशी गर्जना ब्रिटनचे मंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी केली होती. प्रत्यक्षात १९ जूनला, वाटाघाटींच्या पहिल्याच दिवशी, तो क्रम मान्य झाला. आणि ब्रिटनच्या मंत्रिमंडळाने स्वतःची योजना केव्हा ठरविली? ६ जुलै २०१८ रोजी, चेकर्स येथील बैठकीत; नोटीस दिल्यानंतर पंधरा महिन्यांनी. तीही तीन दिवस टिकली नाही. आधी डेव्हिस आणि मग परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन राजीनामा देऊन मोकळे झाले. समोरच्याची मागणी चौदा महिने कागदावर तयार आणि आपले घर अजून आपसांत भांडते आहे, अशा स्थितीत मूठ आपटून काय साधणार होते, हे खमकेपणाच्या भक्तांनी आम्हाला समजावून सांगावे.

त्यांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो. युरोपला ब्रिटनची गरज होती. जर्मन मोटार कारखानदारांनी आपल्या सरकारकडे धाव घेऊन ब्रिटनला हवा तो करार मिळवून दिला असता. २०१६ साली ब्रिटनच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे ४३ टक्के युरोपीय संघात जात होती. उलट सत्तावीस देशांचा आपसांतला व्यापार धरला तर त्यांच्या निर्यातीत ब्रिटनचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. गरज दोघांनाही होती, पण सारखी नव्हती. जर्मन कारखानदारांनीही हिशेब केला आणि एका गिऱ्हाइकापेक्षा अखंड बाजारपेठ महत्त्वाची, असे उघड सांगितले. दुकानदार एका गिऱ्हाइकासाठी दुकानाची भिंत पाडत नाही.

मग कोणते मार्ग उपलब्ध होते? नॉर्वेप्रमाणे बाजारपेठेत राहावे, पण माणसांची मुक्त ये-जा मानावी, वर्गणी द्यावी आणि नियम करताना मत मात्र असू नये. तुर्कस्तानप्रमाणे सीमाशुल्क संघात राहून कारखानदारी मालावरील बाह्य जकात युरोपची स्वीकारावी. नाहीतर कॅनडाप्रमाणे दूर राहून साधा व्यापार करार करावा. युरोपचे मुख्य वाटाघाटकार मिशेल बार्निए यांनी डिसेंबर २०१७ मध्ये हे मार्ग जिन्याच्या पायऱ्यांसारखे चितारून दाखविले होते. प्रत्येक पायरीवर ब्रिटनचा कोणता नकार आड येतो, तेही त्यात होते. थेरेसाबाईंनी जानेवारी २०१७ मधील भाषणातच एकल बाजारपेठ सोडली होती, माणसांची मुक्त ये-जा आणि युरोपीय न्यायालयाचा अधिकार नाकारला होता, आणि जकातीचे धोरण स्वतःच्या हाती हवे असेही सांगितले होते. एवढे नकार दिल्यावर जिन्याची शेवटची पायरी तेवढी उरते. तरीही व्यापार पूर्वीइतकाच सुरळीत राहील, असे लोकांना सांगणे चालूच राहिले. आमचा आक्षेप या सांगण्यावर आहे.

शेवटी २४ डिसेंबर २०२० रोजी, संक्रमणकाळ संपायला आठवडा उरला असताना, करार झाला. मालावर जकात नाही आणि परिमाणाची मर्यादा नाही, ही त्यातील जमेची बाजू खरी. पण ही सवलत त्या मालाचे मूळ ब्रिटनचे असेल तरच. आशियातून आणलेला माल नुसता खोक्यात भरून पुढे पाठविला तर ती लागू नाही. मांस किंवा चीज पाठवायचे तर पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला हवा. मोठ्या कंपन्या यासाठी माणसे नेमतात. छोटा व्यापारी युरोपचे गिऱ्हाईक सोडून देतो. आणि लंडनचे खरे बळ ज्या बँकिंग व वित्तसेवांत आहे, त्यांच्यासाठी करारात जवळपास काहीच नव्हते.

लहान देशाला असे सौदे झेपतच नाहीत, असेही कोणी म्हणू नये. ग्रीनलंडची लोकसंख्या पन्नास-पंचावन्न हजारांची. डेन्मार्कबरोबर ते युरोपीय समुदायात ओढले गेले होते. आपल्या समुद्रातील मासळीवर आपला ताबा हवा, एवढी एक मागणी घेऊन त्यांनी १९८२ साली सार्वमत घेतले, दोन वर्षे बोलणी केली आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी समुदाय सोडला. युरोपच्या बोटींना ठरलेल्या मोबदल्यात मासेमारी करू द्यायची आणि ग्रीनलंडची मासळी युरोपात जकातीविना जाऊ द्यायची, असा तो व्यवहार. तेथील प्रश्न सोपा होता हे आम्ही मान्य करतो. परंतु काय हवे आणि त्याबदली काय द्यायचे, हे त्यांना निघण्यापूर्वी ठाऊक होते. ब्रिटनच्या सौद्यात हेच घडले नाही.

याची सर्वांत मोठी किंमत उत्तर आयर्लंडने मोजली. तेथील ५५.८ टक्के मतदारांनी संघात राहण्याचा कौल दिला होता. दक्षिणेकडील आयर्लंडशी असलेली त्यांची सीमा सुमारे पाचशे किलोमीटर लांब, दोनशेंहून अधिक रस्त्यांनी ओलांडली जाणारी. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या शांतता कराराने तिच्यावरील पहारे उठले होते. लंडनने एकाच वेळी तीन वचने दिली : संपूर्ण ब्रिटन बाजारपेठेतून आणि सीमाशुल्क संघातून बाहेर पडेल, आयर्लंडच्या बेटावर नाकी उभी राहणार नाहीत, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही नाकी येणार नाहीत. यांपैकी कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही नाहीत. हे मान्य करण्याऐवजी थेरेसाबाईंनी आडवळणाचा तोडगा काढला, तो १५ जानेवारी २०१९ रोजी पार्लमेंटने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. नंतर जॉन्सन यांनी समुद्रात नाके बसविण्यास मान्यता दिली आणि ते नाके नाहीच, असे लोकांना सांगितले. सप्टेंबर २०२० मध्ये तर आपले नवे विधेयक आंतरराष्ट्रीय कायदा 'मर्यादित' प्रमाणात मोडते, अशी कबुली त्यांच्याच मंत्र्याने पार्लमेंटमध्ये दिली. स्वतः सही केलेल्या कागदाची ही गत. फेब्रुवारी २०२२ ते फेब्रुवारी २०२४ अशी दोन वर्षे बेलफास्टमध्ये सरकार चालू शकले नाही. त्या निषेधाच्या मुळाशी हाच समुद्रातला नाका होता.

सीमा दुसरीकडे ठरते आणि जगणे आपल्या दारात बदलते, हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांचे जणू एकच जकात क्षेत्र झाले. त्याबदल्यात गोव्याचे मीठ इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मिठागरांवर पोट असलेल्यांचे नुकसान झाले. १८९२ साली मुदत संपल्यावर करार पुढे चालू राहिला नाही आणि जकातीची रेषा पुन्हा उभी राहिली. ती जोडतानाही आणि तोडतानाही सौदा दूरच्या राजधान्यांत झाला. मिठागरवाल्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या काळातला दाखलाही गोव्याचाच आहे. १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मिळणाऱ्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे हजारो गोमंतकीय स्विंडन आणि साउथॉलला जाऊन राहिले होते. सामान्य युरोपीय नागरिकाला सार्वमतात मत नव्हते. पण ३० जून २०२१ च्या आत वास्तव्याचा अर्ज करण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि मागे राहिलेल्या भावंडांसाठी तो रस्ता बंद झाला. आपल्या पंगतीत ब्रिटनच्या धाडसाचे कौतुक करणाऱ्यांनी म्हापशातील किंवा मडगावातील अशा एखाद्या घरी जाऊन ते बोलून पाहावे.

एक प्रतिपक्ष मात्र आम्ही आदराने ऐकतो. थोडी गरिबी पत्करू, पण आमचे कायदे आम्हीच करू, असे म्हणणारा माणूस प्रामाणिक आहे. स्वराज्याचे मोल पौंडात मोजता येत नाही, हे आपण तरी त्याला शिकवू नये. पण हा पक्ष त्या शब्दांत लोकांपुढे ठेवला गेला नाही; नव्या व्यापार करारांतून तोटा भरून निघेल असे सांगितले गेले. सरकारी हिशेबांचा स्वतंत्र आढावा घेणाऱ्या तेथील अधिकृत कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे दीर्घकाळात ब्रिटनची उत्पादकता संघात राहिल्याच्या तुलनेत सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला करार हा नव्या करारांतील मोठाच. पण त्यातून दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ०.१ टक्क्याची भर पडेल, असे ब्रिटिश सरकारच सांगते. आणि १९ मे २०२५ रोजी लंडन आणि ब्रुसेल्स यांच्यात जे ठरले, त्याची दिशा तर अशी की खाद्यपदार्थांची तपासणी टळावी म्हणून त्याविषयीचे युरोपचे नियम, पुढे बदलतील तसे, ब्रिटनने पाळावेत. नियम पाळायचे ते पाळायचेच. फक्त ते करताना पूर्वी जे मत होते ते आता नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की या प्रकरणात दोष द्यायचा तर कणखरपणाच्या अभावाला देऊ नये. तो लपवाछपवीला द्यावा. बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे; ५० वे कलम त्यासाठीच आहे. पण जो पुढारी निघण्याची हाक देतो, त्याला नोटीस देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : कोठे जायचे, त्यासाठी काय सोडायचे, आणि नाका कोणाच्या दारात बसणार? यांची उत्तरे न देता जो नुसती मूठ आपटतो, त्याला आपल्या पंगतीत तरी टाळ्या मिळू नयेत. सीमेवर आणि परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांनी हे प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवेत, कारण नाका बहुधा आपल्यासारख्यांच्याच दारात बसतो.