काच की जाळी?

यंत्राला पाणी पाजायचे म्हटले, की आपल्याला प्रथम मोटारीचा रेडिएटर आठवतो. संगणकातील पाण्याची तऱ्हाही तीच. फक्त सारा प्रपंच वीतभर जागेत मांडायचा. माझ्या पुतण्याने यंदा हा हट्ट धरला आणि आमचे दोन रविवार त्यात गेले. ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल, त्यांच्यासाठी ही हकीकत.

पेटी निवडली ती कूलर मास्टरची एनआर२००पी, २०२० साली बाजारात आलेली. आकारमान १८.२५ लिटर, म्हणजे पाण्याच्या वीस लिटरी कॅनहूनही कमी. मुख्य बोर्ड अवघा १७ सेंटिमीटर लांब-रुंद. पाण्याची जुळणी कारखान्यातच भरून मोहोरबंद केलेली, '२४०' मापाची. गिऱ्हाइकाने ध्यानी धरावे, की २४० मिलिमीटर ही रेडिएटरची लांबी नव्हे. ती १२० च्या दोन पंख्यांची बेरीज. टोकाच्या टाक्या धरून लांबी २८० च्या आसपास भरते. तेव्हा आधी पेटीत टेप लावून पाहावी.

जोडणीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम वीजपुरवठ्याचा डबा व तारा, मग बोर्ड, त्यावर पंप, बाजूला रेडिएटर आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड. रेडिएटरचा माथा पंपाहून उंच हवा. नळीतली हवा वर जाऊन बसते. ती पंपात शिरता कामा नये.

पुतण्याला काचेचे दार हवे होते. "काका, पाणी आहे ना! माठासारखं गार राहील."

पण माठ गार होतो तो पाझरून. येथे बंद नळीतले पाणी उष्णता नुसती वाहून नेते. ती अखेर खोलीतल्या हवेनेच घ्यायची. बाजूच्या रेडिएटरसमोर काच आली, की हवेची वाटच बंद. पेटीबरोबर जाळीचे दारही येते. तेच लावले.

परीक्षा अर्धा तास घ्यावी. पाणी सावकाश तापते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे. खोलीत ३० अंश असताना आमचा प्रोसेसर ७४ वर स्थिरावला. दार काढल्यावर ७२ वर. फरक दोनच अंशांचा, म्हणजे पेटीचा श्वास मोकळा आहे.

पत्रे आणि हिशेब लिहिणाऱ्या संगणकाला मात्र साधा पंखा पुरे. तो स्वस्त पडतो आणि त्यात बिघडायला पंप नसतो. तासन्‌तास चित्रफिती जुळवायच्या असतील, तर पाण्याचा खर्च करावा. पण जाळीच्या दारासकट!